सतरावं मिनिट

१

सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासाने आम्ही फुगा सोडतो. थंडी असो, सुट्टी असो, फुगा चुकत नाही.

आमचं हवामान कार्यालय लष्करी विमानतळाच्या अगदी टोकाला आहे. दोन खोल्या, वर गच्ची, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये मी फुग्यात हायड्रोजन भरतो. फुग्याला एक ठरलेलं वजन बांधायचं. ते वजन घेऊन फुगा हवेत जागच्या जागी राहिला, वरही जाईना आणि खालीही येईना, की गॅस बंद करायचा. मग वजन काढून सोडला की तो मिनिटाला एकशे ऐंशी मीटर चढत जातो. आकाश निळं असेल तर पांढरा फुगा, ढग असतील तर लाल.

गच्चीवर थिओडोलाइट आहे. तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण, तिला दोन चाकं. एका चाकाने ती वर-खाली होते, दुसऱ्याने गोल फिरते. डोळा लावून मी फुगा काचेतल्या फुलीवर धरून ठेवतो. दर मिनिटाला घंटा वाजते. घंटा वाजली की मी दोन कोन वाचतो, उंचीचा आणि दिशेचा, आणि मिनिटेकाका टेबलापाशी बसून ते रजिस्टरात लिहितात. फुगा कुठून कुठे सरकला त्यावरून प्रत्येक उंचीवरचा वारा काढता येतो. तो कागद खाली आमच्या हवामान अधिकारी मॅडमकडे जातो आणि मॅडम तो वैमानिकांना समजावून सांगतात.

मॅडमच्या टेबलावर तीन स्क्रीन आहेत. त्यांवर मोठ्या संगणकाने काढलेला अंदाज रंगीत पट्ट्यांत दिसतो. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, की एवढं सगळं असताना फुगा कशाला.

"स्क्रीन सांगतो वारा कसा असेल," त्या म्हणाल्या. "फुगा सांगतो कसा आहे. तुमच्या घरचं कोणी विमानात बसणार असेल, तर तुम्ही कशावर विश्वास ठेवाल?"

मी नववीत शाळा सोडली. मला मोठं गणित येत नाही. पण कोन वाचायला मी शिकलो आणि माझा कोन चुकत नाही, असं मिनिटेकाका दोनदा म्हणाले आहेत. काकांचं खरं आडनाव कार्यालयात कुणाला आठवत नाही. मिनिटाची घंटा त्यांच्या ताब्यात, म्हणून मिनिटेकाका. त्यांची नोकरी तीस वर्षांची. मला त्यांनी पहिल्याच दिवशी एकच गोष्ट बजावून सांगितली होती.

"सतरावं मिनिट लागलं की डोळा काढायचा आणि काच पुसायची."

"रोज?"

"रोज. सोळाव्याची घंटा झाली, कोन सांगितलास, की फडकं काढ. सतरावी ओळ मी भरतो, सोळा आणि अठराची सरासरी घेऊन. अठराव्याला परत डोळा लाव."

मला ते पटलं. काच घाण होतेच. श्वासाची वाफ बसते, सकाळचं दव बसतं. आठ महिने मी सतराव्या मिनिटाला काच पुसत होतो.

२

त्या दिवशी फडकं घरी राहिलं. आईने माझी पँट धुवायला टाकली होती आणि फडकं त्या पँटच्याच खिशात होतं. हे मला सोळाव्या मिनिटाला कळलं, कोन सांगून खिशात हात घातल्यावर. पुसायला काही नाही, तर डोळा काढून काय करायचं, असं मला वाटलं. मी तसाच राहिलो.

सोळाव्या मिनिटाला फुगा टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. निळ्या गोलात एक पांढरा ठिपका. तो ठिपका हलायला लागला. वाऱ्याने सरकतो तसा नाही. कुणी हाताला धरून घेऊन जावं तसा, एका बाजूला, सरळ. माझे हात चाकं फिरवू लागले. मी फिरवतोय असं मला वाटत नव्हतं. चाकं फिरत होती आणि हात त्यांच्यावर ठेवलेले होते.

मग तो थांबला.

थांबला म्हणजे पूर्ण थांबला. फुलीच्या बरोबर मध्ये. आणि तो ठिपका राहिला नव्हता. तिसऱ्या मिनिटाला दिसतो एवढा मोठा झाला होता. मागून ऊन येत होतं, त्यामुळे त्याची कातडी दुधाच्या सायीसारखी उजळली होती. खालचे आवाज बंद झाले. धावपट्टीवर एक गाडी चालू होती, तिचाही आवाज येईना. मला वाटतं मी श्वासही घेत नव्हतो, पण मला त्रास होत नव्हता. छान वाटत होतं. लहानपणी ताप आल्यावर दुपारी पडून राहायचं आणि छताकडे बघायचं, तसं.

उजळलेल्या कातडीच्या आत काहीतरी कुशीवर वळलं.

घंटा वाजली. निळा गोल रिकामा होता. मी चाकं इकडे तिकडे फिरवली, फुगा कुठेच नाही.

"दोनशे छप्पन्नला ये," टेबलापाशी बसलेले काका म्हणाले. त्यांनी वर पाहिलंही नव्हतं. "उंची एकेचाळीसला."

मी चाक दोनशे छप्पन्नवर आणलं. फुगा तिथे होता, टाचणीच्या डोक्याएवढा, आपल्या वाटेने चाललेला.

"फडकं आणलं नाहीस," काका म्हणाले.

३

दुपारी मॅडम वैमानिकांच्या बैठकीला गेल्यावर मी कपाट उघडलं. जुनी रजिस्टरं त्यात खालपासून वरपर्यंत लावलेली आहेत. मी एकेक काढून सतरावी ओळ बघत गेलो. सोळाचा आणि अठराचा आकडा घ्यायचा, बेरीज करायची, निम्मी करायची. हे गणित मला येतं. प्रत्येक वेळी बरोबर तेवढंच लिहिलेलं. अक्षरं बदलत गेली, शाई बदलत गेली, कागदाचा रंग बदलत गेला. इतर ओळींत खाडाखोड आहे, घाई आहे, चहाचे डाग आहेत. सतरावी ओळ सगळीकडे नीटनेटकी.

फक्त एका रजिस्टरात सलग अकरा दिवस ती वेगळी होती. उंची अडतीस अंश चार, दिशा दोनशे बारा अंश सहा. अकराही दिवस तेच. वारा रोज बदलला होता, बाकीचे आकडे रोज वेगळे होते. ही एकच ओळ हलली नव्हती. अक्षर काकांचं होतं, पण तरुण.

"सव्वीस वर्षं झाली," मागून काका म्हणाले. ते कधी आले मला कळलं नाही. "मलाही वाटलं होतं, साहेब लोक आळशी, मी खरं काय ते लिहितो."

"मग?"

"मग त्यावेळच्या साहेबांनी गणित मांडून दाखवलं. हा कोन धरला तर त्या एका मिनिटात वाऱ्याचा वेग दोनशे नॉट येतो, म्हणजे ताशी तीनशे सत्तर किलोमीटर. पुढच्या मिनिटाला दोनशे नॉट उलटा. विमानाचे तुकडे होतील अशा वाऱ्यात. आणि त्याच वेळी त्या उंचीवरून विमानं जात होती, आतला माणूस पेपर वाचत होता. साहेब म्हणाले, एकतर तुझा डोळा खराब आहे असं मान, नाहीतर नोकरी सोड."

"पण तुम्ही बघितलंत ना काका? आत काय होतं?"

काकांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं आणि जागेवर लावलं. "अकराव्या दिवसापासून मिनिट लांबायला लागलं. घंटा वाजायची, पण उशिरा."

"घड्याळ बिघडलं असेल."

"तेच म्हणालो मी. नवीन आणलं." त्यांनी कपाट बंद केलं. "मग फडकं आणलं. तेव्हापासून सगळं ठीक आहे. तू पण उद्या आण."

"काका, ते काय आहे?"

"मला काय विचारतोस? मी काच पुसतो."

४

आमचं घर कुंपणाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये आहे. आई, मी आणि दादा. दादा छत्रीधारी तुकडीत आहे, विमानातून उडी मारणाऱ्यांत. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो आणि तो भरती झाला होता. त्याने मला परत शाळेत घालायची खूप खटपट केली. मीच गेलो नाही. मला वर्गात उभं राहून बोलता यायचं नाही.

दादा घरात आला की घर हलतं. दार आपटतो, बूट फेकतो, आंघोळ करताना गातो आणि सूर कुठे जाईल याचा नेम नसतो. झोपेतही एका जागी राहत नाही. सकाळी उशी एकीकडे, तो दुसरीकडे.

"काय रे फुग्या," त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आज काय म्हणतंय वरती?"

"काही नाही."

"याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागेल. आई, ऐक. गुरुवारी उडी आहे. मोठे मोठे लोक येणारेत बघायला. आठ जण, दहा हजार फुटांवरून. बाहेर पडल्या पडल्या छत्री उघडायची आणि तरंगत तरंगत त्यांच्या खुर्च्यांसमोर उतरायचं."

"जेवताना उड्यांचं बोलायचं नाही, किती वेळा सांगितलं," आई म्हणाली.

"मग कधी बोलू? उडताना बोललो तर तुला ऐकू येत नाही."

आई हसली नाही, पण त्याच्या ताटात अजून भात वाढला.

मी मनात हिशेब केला. सतरा गुणिले एकशे ऐंशी. तीन हजार साठ मीटर. मग मीटरचे फूट केले. दहा हजार आणि वर थोडे. मला वाटलं चुकलं असेल, म्हणून ताटाच्या कडेला बोटाने परत केले.

"दादा," मी म्हणालो, "दहा हजारावरून नको. नऊ करा."

"का रे?"

"तिथला वारा आम्ही बघत नाही."

"बघत नाही म्हणजे?"

"त्या मिनिटाला आम्ही काच पुसतो."

दादा असा हसला की त्याला ठसका लागला, आईला उठून त्याच्या पाठीवर थोपटावं लागलं. "आई, कळलं का? देशाचं सैन्य वरती लटकतंय आणि तुझा धाकटा खाली काच पुसतोय."

मी पण हसलो. तो हसला की न हसून चालत नाही.

अंधार पडायच्या आधी तो अंगणात सराव करत होता. स्टुलावरून खाली उडी, गुडघे जोडलेले, आणि तोंडाने मोजणी. हजार एक, हजार दोन, हजार तीन, हजार चार. चारला मान वर करून छत्री उघडली का बघायचं. डोक्यावर छत्री नव्हती, कपडे वाळत घालायची दोरी होती. तरी तो प्रत्येक वेळी मान वर करून नीट बघत होता.

५

बुधवारी मी मॅडमच्या दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

"या ना," मॅडम म्हणाल्या. "काय झालं?"

"उद्याची उंची," मी म्हणालो. "ती बदलता येते का?"

"का? तुमचा भाऊ आहे ना त्यात." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्या चांगल्या आहेत. "काळजी वाटते, साहजिक आहे. हे बघा." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "दहा हजारावर उद्या चौदा नॉट. आपली हद्द वीसची. वीसच्या वर एक नॉट जरी गेला तरी मी उडी थांबवेन, समोर कुणीही बसलेलं असो. उद्या सकाळी तुमच्या फुग्याने पण चौदा-पंधरा सांगितलं की झालं."

मला सांगायचं होतं की त्या उंचीचा आकडा फुगा सांगत नाही, आम्ही सांगतो. मला सांगायचं होतं की कपाटातली सगळी रजिस्टरं त्या एका ओळीत खोटी आहेत. पण तसं म्हटलं तर काकांची नोकरी. आणि त्यापुढे काय? पुढचं मी कोणत्या शब्दांत सांगणार होतो? फुग्यात कुणीतरी कूस बदलली?

"बरं," मी म्हणालो.

मी स्वतःलाही समजावलं. विमानं रोज त्या उंचीवरून जातात. पक्षी जात असतील. ढग जातात. उन्हाने डोळ्यांना भास होतो, काचेत पाणी जातं, फुग्यावर सुरकुती पडते. शिकलेला माणूस असता तर त्याने अजून दहा कारणं दिली असती. मला तीनच सुचली, ती मी रात्री झोप लागेपर्यंत आलटून पालटून म्हणत राहिलो.

६

गुरुवारी आकाश इतकं स्वच्छ होतं की फुगा सोडताना मला तो पाण्यात सोडल्यासारखा वाटला. पांढरा फुगा घेतला. वजन बांधलं, गॅस भरला, तो जागच्या जागी राहिला. सोडला.

फडकं माझ्या खिशात होतं.

पंधराव्या मिनिटापर्यंत सगळं सरळ. सोळाव्याला काकांनी पुटपुटत हिशेब केला, आठ नॉट, पश्चिमेचा. मी कोन सांगितला आणि डोळा काढला नाही.

"फडकं," काका म्हणाले.

"काका, माझा भाऊ आहे."

घंटेच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, मग तीही येईनाशी झाली.

फुगा त्याच जागी आला. मी चाकांवरचे आकडे पाहिले. अडतीस अंश चार. दोनशे बारा अंश सहा. परत डोळा लावला. आता तो पहिल्यापेक्षाही मोठा होता, निळा गोल जवळजवळ भरून टाकणारा. आत ऊन साठलं होतं. त्या उन्हात एक सावली होती, अंग मुडपून बसलेली, गुडघे जोडलेले. ती ओळखीची होती असं मी म्हणणार नाही. चेहरा नव्हता. पण तिने मान वर केली. एकदा केली, खाली घातली, परत वर केली. शिकत असल्यासारखी.

घंटा वाजायला फार वेळ लागला.

अठराव्याला वारा बावीस नॉट निघाला, उत्तरेचा. काकांनी दोन्ही आकडे मांडले, मधला काढला आणि सतराव्या ओळीत सुबक अक्षरात लिहिला. पंधरा नॉट.

मॅडम त्या दिवशी स्वतः गच्चीवर आल्या होत्या. खाली मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्यावर पांढरी कापडं उडत होती. मॅडमनी रजिस्टर हातात घेतलं. "सोळाला आठ, अठराला बावीस, पण ते उडीच्या उंचीच्या वर. बराच फरक आहे. मधलं पंधरा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सतरावं मिनिट तुम्ही स्वतः बघितलंत ना?"

काका टेबलाकडे बघत होते.

मी बघितलं होतं. त्या कार्यालयात सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते मिनिट बघितलेल्या माणसाला त्याबद्दल विचारलं जात होतं. मी फक्त दोन आकडे बोललो असतो, तरी त्यांनी गणित मांडलं असतं, दोनशे नॉट आले असते, त्यांनी ओळ खोडली असती आणि उडी थांबवली असती. मला वेडा म्हणाल्या असत्या, पण थांबवली असती. दोन आकडे. ते तर मी रोज मोठ्याने सांगतो.

"हो," मी म्हणालो.

ते खरं होतं. त्यांनी सही केली.

७

विमान पश्चिमेकडून आलं. मी थिओडोलाइट तिकडे वळवला. हे माझं काम नव्हतं, पण मला कुणी हटकलं नाही.

काचेत विमानाचं मागचं दार उघडं दिसलं. एक, दोन, तीन. दादा तिसरा होता, तसं त्याने सकाळी सांगितलं होतं. काळे ठिपके बाहेर पडले आणि लगेच एकेकावर छत्री उमलली, हिरवट, चौकोनी. आठ मोजल्या. खाली टाळ्यांचा आवाज आला. मी तिसऱ्या छत्रीवर फुली ठेवली.

बाकीच्या सात खाली सरकत गोलाबाहेर गेल्या. तिसरी गेली नाही. मी चाक फिरवलंच नाही, आणि ती फुलीवरच राहिली.

टाळ्या थांबल्या होत्या. विमानाचा आवाज थांबला होता. छत्रीच्या दोऱ्या मला मोजता आल्या असत्या. दोऱ्यांखाली दादा. त्याचे बूट, जोडलेले गुडघे. तो वर छत्रीकडे बघत होता, अंगणात दोरीकडे बघायचा तसा. मग त्याने मान खाली केली आणि ओठ हलवले. हजार एक, हजार दोन. मला ऐकू येत नव्हतं, पण ते ओठ मी ओळखतो. चारनंतर त्याने परत मान वर केली. परत खाली. परत एकपासून.

मी आकडे बघितले नाहीत. बघायची गरज नव्हती.

माझ्या खांद्यावर हात पडला. "डोळा काढ," काका म्हणाले. त्यांचा आवाज लांबून आला. "पोरा, डोळा काढ. खाली बघ."

मी डोळा काढला. मैदानात आठ छत्र्या पडल्या होत्या. आठ माणसं त्या गुंडाळत होती. तिसऱ्याने आपली छत्री गोळा केली, उठून उभा राहिला, आणि बाकीचे सात खुर्च्यांकडे बघून हात हलवत असताना तो आमच्या गच्चीकडे बघत होता.

मी परत डोळा लावला. निळं आकाश, रिकामं.

८

संध्याकाळी तो घरी आला. दार हळूच लावलं. बूट काढून शेजारी शेजारी ठेवले, टाचा भिंतीला लावून.

आईने त्याला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. तो उभा राहिला. "कसं झालं?" तिने विचारलं.

"व्यवस्थित झालं," तो म्हणाला.

जेवताना तो काही बोलला नाही. आईने वाढलं तेवढं खाल्लं, शेवटच्या शितापर्यंत. मला त्याने माझ्या खऱ्या नावाने हाक मारली आणि पाण्याचा तांब्या मागितला. ते नाव घरात कुणी वापरत नाही. मला क्षणभर कळलंच नाही की कुणाला बोलावलं.

"दमलाय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, भीती बसली असेल, जाईल. आठवड्याने ती म्हणू लागली, जबाबदारी कळली. आता तो आंघोळ करताना गात नाही. भांडी विसळून ठेवतो. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, तुमचा मोठा किती सुधारला हो, आणि आई दिवसभर आनंदात होती. तिने बिचारीने किती वर्षं ती आदळआपट सहन केली आहे. तिला काय सांगायचं?

आमची अंथरुणं एकाच खोलीत आहेत. तो पाठीवर झोपतो आणि सकाळी तसाच असतो. चादरीला सुरकुती नसते. एकदा मी मुद्दाम त्याच्या पायाला पाय लावला. पाय थंड नव्हता, गरम नव्हता. खोलीतल्या हवेसारखा होता.

मी विचारलं, "दादा, त्या दिवशी वर काय झालं होतं?"

"हजार एक, हजार दोन, हजार तीन, हजार चार," तो म्हणाला. "मग खाली आलो."

सगळं बरोबर सांगतो. विचारलेलं सगळं त्याला माहीत असतं. वडील गेल्याची तारीख, माझ्या हातावरच्या व्रणाची गोष्ट, सगळं. फक्त सांगताना तो ते वाचून दाखवतोय असं वाटतं.

९

मी आता काच पुसत नाही.

काकांनी दोन दिवस फडकं पुढे केलं, मग केलं नाही. सोळाव्याची घंटा झाली की ते रजिस्टरावर पालथा हात ठेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. सतरावी ओळ नंतर भरतात.

फुगा आता तिथे येतच नाही. तो आपल्या वाटेने जातो. मी दुर्बीण दोनशे बारा अंश सहावर वळवतो आणि आवाज थांबायची वाट बघतो. मग तिथे छत्री असते आणि तिच्याखाली दादा. मोजत असतो. हजार एक, हजार दोन. मी त्याच्याबरोबर ओठ हलवतो. त्याला मी दिसत असेन का, माहीत नाही. त्याच्यासाठी अजून तीच गुरुवारची सकाळ आहे असं मला वाटतं. तो दमलेला दिसत नाही. छत्री उघडली का एवढंच तो बघतो, आणि ती उघडलेली आहे हे बघून त्याला प्रत्येक वेळी बरं वाटतं. ते बघण्यासाठी मी सकाळची वाट बघतो. मिनिट लांबलं आहे, काका म्हणाले होते तसं. लांबू दे.

सहाव्या-सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की उंचीचा कोन अडतीस अंश चार राहिलेला नाही. मी तेव्हापासून एका वेगळ्या वहीत लिहितो. तो रोज एक अंशाने उतरतो. रोज एक मिनिट त्याला मिळतं आणि त्या एका मिनिटात तो एक अंश खाली येतो. मोठं गणित नाही, मला येतं. धावपट्टीपलीकडच्या झाडांचे शेंडे तीन अंशांवर आहेत. शेंड्यांपर्यंत आला की तो उतरलाच, झाडांच्या अलीकडे मोकळं मैदान आहे.

तो उतरला की काय होईल, याचा मी पुष्कळ विचार केला. बूट फेकत घरात येईल तेव्हा दाराच्या आत कोण बसलेलं असेल, आणि आई कुणाकडे बघेल. मला फक्त तो उतरायला हवा आहे. मॅडमना "हो" मी म्हणालो होतो.

आज कोन आठ अंश चार होता. घरी आलो तर तो दारात उभा होता. रजा होती त्याची. आई आत चहा गाळत होती.

"अजून किती वर आहे?" त्याने विचारलं.

मी बूट काढायला खाली वाकलो. नोकरीत आजपर्यंत मी एकही कोन खोटा सांगितलेला नाही.

"काय, फुगा?" मी म्हणालो. "तो तर केव्हाच गेला. नंतर काही दिसत नाही."

तो जागेवरून हलला नाही. बराच वेळ तो मैदानाकडे बघत होता. मी वाकलेलाच होतो, तरी मला कळलं की तो नेमका कोणत्या दिशेला बघतोय. त्याला चाकं लागत नाहीत.

"मग डोळा का काढत नाहीस?" त्याने विचारलं. अगदी शांतपणे, दादाच्या आवाजात.

आईने आतून हाक मारली, चहा निवतोय म्हणून. तो बाजूला सरकला आणि त्याने मला आत जायला वाट दिली. मी त्याच्या अगदी जवळून गेलो. आईने दोन कप भरून ठेवले होते. मी माझा उचलला, तो गरम होता, आणि तो माझ्यासमोर येऊन बसला.

पाच सकाळी उरल्या आहेत.